नानासोंचा इंडेक्स

नानासोंचं नाव काढलं की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर लोक त्याला बिचकून तरी राहिले असते. चारचौघांत मानाचा, देवाधर्माचा, दिवाळीला नोकरांना धोतरजोडी देणारा असा तो गृहस्थ होता, आणि त्याला एक खूळ होतं. त्या खुळाचं नाव इंडेक्स.

मी तेव्हा साताऱ्याहून नवीनच सांगलीला आले होते. बी.कॉम. झालेली, बिनलग्नाची, गावभागात मावशीकडे राहणारी. नानासोंच्या हळदीच्या पेढीवर मला नोकरी लागली. पेढी बाजारात होती, पण माझं टेबल हरिपूरच्या वाटेवर, पेवांच्या आवारात. सांगलीबाहेरच्या माणसाला पेव म्हणजे काय ते सांगावं लागतं. नदीकडच्या त्या जमिनीची माती अशी घट्ट की आडासारखा खोल खड्डा खणला तरी तो ढासळत नाही आणि आत ओल येत नाही. तोंड लहान, माणूस जेमतेम उतरेल एवढं. पोट मात्र मोठं. आतून पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. हळद आत वर्ष-दोन वर्षं सुखानं राहते. कीड लागत नाही, कारण किडीला घ्यायला आत हवाच उरत नाही.

किडीला नाही ती माणसालाही नाही. म्हणून पेव उघडलं की रात्रभर तसंच सोडायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील पेटता राहिला तर माणूस उतरणार, विझला तर नाही. एवढ्या एका रीतीवर त्या आवारातल्या माणसांचा जीव होता. वजन, भाव, शिक्के, सह्या हे सगळं त्याच्या नंतरचं. पहिल्या आठवड्यातच मला हे कळलं, आणि नानासोंचा जन्म त्या धंद्यात जाऊन त्यांना ते कळलं नव्हतं.

पेवांवरचा मुकादम नाथाजी. फौजेतून रिटायर झालेला, बोलायला कमी. त्यानं आपली एक खूण ठेवली होती. जे पेव उघडून हवेला ठेवलंय त्याच्या तोंडाशी लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की समजायचं, हे रात्रभर उघडं आहे. पेवांना माणसांनी नावं पाडलेली होती: चिंचेखालचं, विहिरीकडचं, बोळातलं. एकाचं नाव होतं सासूचं, कारण त्याचं तोंड मोठं होतं आणि पोटात काही मावत नव्हतं. ही नावं सगळ्यांना झोपेतसुद्धा ठाऊक होती. कुणी कधी चुकत नव्हतं.

मग नानासो एकदा मुंबईला कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. तिथं त्यांनी भिंतभर कपाटं पाहिली. कपाटांत खण, खणांत पत्ते, आणि एक साहेब हवा तो कागद चुटकीसरशी काढून देतोय. ह्यांनी विचारलं, हे एवढं झटपट कसं? साहेब म्हणाला, आम्ही दर वर्षी सगळा इंडेक्स मोडून नव्यानं मांडतो. साहेबाच्या कपाटांत कागद होते. कागद कुठल्याही खणात ठेवला तरी कुणाचा श्वास कोंडत नाही. एवढा फरक नानासोंच्या डोक्यात शिरण्यासारखा नव्हता. ते एक वाक्य ते मुंबईहून आणलेल्या हलव्यासारखं जपून घेऊन आले आणि येईल त्याला वाटत सुटले.

आल्या आल्या त्यांनी एक सागवानी तक्ता करवून घेतला. त्यावर ओळीनं खिळे, खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले. बिल्ल्यावर शेतकऱ्याचं नाव आणि नंबर. बाहेर प्रत्येक पेवाच्या तोंडाशी त्याच नंबराची लाकडी खुंटी. आता नुसत्या नंबराला माझी हरकत नव्हती. पेवाला एकदाचा कायमचा नंबर दिला असता आणि आतला माल कुणाचा तेवढं तक्त्यावर बदलत गेलं असतं, तर मीच नानासोंना हार घातला असता. पण त्यांचे नंबर पेवांचे नव्हते, नावांचे होते. शेतकऱ्यांची नावं बाराखडीनं लावायची आणि वरून खाली नंबर द्यायचे. एखादा नवा आनंदा किंवा ईश्वरा माल घेऊन आला की त्याच्याखालचे सगळे एकेक घर सरकले. ते सरकणं वर्षभर साठवून ठेवायचं आणि खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, सगळे बिल्ले काढून नव्यानं मांडायचे. मग माणसं आवारात जाऊन सगळ्या खुंट्या उपटायची आणि नव्या नंबराप्रमाणे रोवायची. काल जी खुंटी चिंचेखाली होती ती आज बोळात.

माणसांना हा दिवस आवडायचा, हे सांगितलंच पाहिजे. खुंट्या उपटणं-रोवणं म्हणजे काही हळदीची पोती वाहणं नव्हे. वर पूजा, पेढे, दुपारनंतर सुट्टी. त्यामुळे नानासो म्हणाले की ‘कसं, आता काम पळणार का नाही?’ की सगळे माना हलवायचे. ‘पळणार म्हंजे काय मालक, उडणार!’ असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा तो गुंडा. गुंडा म्हसवडकडचा, नवं लग्न झालेला, बायको शालूबाई गावाकडे. कामाला वाघ आणि तोंडानं फाटका. मालकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि मागे वळून आम्हाला डोळा मारायचा, हा त्याचा वर्षाचा ठरलेला खेळ.

आणि काम पळायचं का? खंडेनवमीनंतर महिनाभर त्या आवारात नुसता गोंधळ असायचा. तक्त्यावर बघून माणूस सत्तावीस म्हणून निघायचा आणि पाय त्याला जुन्या सत्तावीसकडे न्यायचे. लिंपण फोडल्यावर कळायचं, हे दुसऱ्याचं. पुन्हा लिंपा. पण त्याच दिवसांत बाजार थंड असायचा, गिऱ्हाईक कमी असायचं, माणसं सुट्टी खाऊन ताजी झालेली असायची, आणि विकल्या गेलेल्या मालाचे मेलेले बिल्ले तक्त्यावरून निघालेले असायचे. ह्या सगळ्याचं पुण्य नानासो इंडेक्सच्या पदरात टाकायचे. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, त्यातला प्रकार.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. एकदा सरळ म्हटलं, ‘नानासो, मेलेले बिल्ले काढा, नावं तपासा, तक्ता पुसा. ते दर महिन्याला करा, मी करते. पण नंबर बदलू नका आणि खुंट्या हलवू नका. फायदा जो होतो तो तपासण्याचा होतो, मोडून मांडण्याचा नाही.’

नानासो हसले. त्यांचं ते हसणं मला कधीच सहन झालं नाही. ‘बाई, तुम्ही साताऱ्याच्या. तिकडं पेढे चांगले वळतात. इंडेक्सचं आम्हांवर सोडा.’

भोवती चार माणसं होती, ती सगळी हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं ते देवाला ठाऊक. मालक हसला की हसायचं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्र्याहत्तर साली नवरात्रात नानासोंचं मिरजेला ऑपरेशन झालं. त्या वर्षी फेरमांडणी झाली नाही. खुंट्या जागच्या जागी राहिल्या. मी आणि नाथाजीनं फक्त मेलेले बिल्ले काढले. त्या दसऱ्यानंतर काम कधी नव्हे इतकं सुरळीत झालं, एक पेव चुकून फुटलं नाही. नानासो बरे होऊन आले तेव्हा मी त्यांना हे मोठ्या हौसेनं सांगितलं. मला वाटलं, आता ह्याहून मोठा पुरावा काय द्यायचा. नानासोंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अंगारा लावलेल्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, ‘बघा. मागल्या वर्षीच्या मांडणीचा गुण किती टिकला!’

अशा माणसाशी काय बोलायचं? फायदा झाला तर इंडेक्समुळे आणि तोटा झाला तर इंडेक्स पुरता मांडला नाही म्हणून. त्या माणसाच्या डोक्यात हार नावाची चीज शिरायला दारच नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. मावशीला वाटलं, कुठलं स्थळ सांगून आलंय आणि मला पसंत नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी मधेच एक फेरमांडणी काढली, राहिलेली भरून काढायची म्हणून. व्हायचं तेच झालं. वाईकडचे हरिबा म्हणून एक शेतकरी होते, त्यांच्या नावावर भलत्याचीच हळद बाहेर निघाली. जुन्या नंबराची चिठ्ठी, नव्या नंबराची खुंटी, दुसरं काही नाही. हरिबांनी आवारात उभं राहून नानासोंच्या सात पिढ्या काढल्या. मला मनातून बरं वाटलं. वाटलं, आता तरी डोळे उघडतील.

नानासोंनी त्यातून काय धडा घ्यावा? ‘नुसत्या खुंट्या हलवून भागत नाही,’ ते म्हणाले. ‘खंडेनवमीला एकेका पेवाची फरशी काढून आत कुणाचा माल आहे ते बघायचं, मगच खुंटी रोवायची. पुरता इंडेक्स.’ म्हणजे ज्यानं घोटाळा झाला तेच आणखी जोरानं करायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. नाथाजी एवढंच म्हणाला, ‘मालक, समदी तोंडं एकदम उघडली तर कंचं रातभर उघडं व्हतं नि कंचं आत्ता उघडलं, कळंल कसं?’

‘तुझी चिंधी आहे की,’ नानासो म्हणाले.

खंडेनवमी उजाडली. नाथाजी त्या दिवशी कधीच कामावर नसायचा. त्याच्या घरी पणज्याची तलवार होती, ती पुजायला तो गावी जायचा. आदल्या संध्याकाळी जाताना त्यानं चिंचेखालचं पेव उघडून हवेला ठेवलं होतं. हरिबांची हळद एका मुंबईच्या व्यापाऱ्याला जायची होती, दसऱ्यानंतर त्याचा ट्रक येणार होता, आणि उघडलेलं पेव जास्त हवा खाईल तेवढं बरं, असा नाथाजीचा हिशेब. चिंचेखालची खुंटी एकवीस नंबरची. नाथाजीनं तिला लाल चिंधी बांधली आणि तो गेला.

सकाळपासून लिंपणं फुटू लागली. फरशी सरकवायची, वरचीच हळद मुठीत घेऊन बघायची, फरशी तशीच अर्धी ठेवून तोंडावर चटई टाकायची, लिंपण पूजेनंतर. थोड्या वेळात अख्खं आवार सारखंच दिसायला लागलं. जिकडे तिकडे चटया. मग खुंट्या उपटायला सुरुवात झाली. मी टेबल सोडून बाहेर आले.

‘नानासो, चिंधीची खुंटी तेवढी हलवू नका.’

‘चिंधी एकवीसला आहे ना? एकवीसलाच राहील. कोण काढतंय तिला?’

‘अहो, पण हवेला पेव ठेवलंय, खुंटी नाही. एकवीस नंबर आता विहिरीकडच्याला जाणार. ते आत्ता उघडलंय.’

‘बाई, एकवीस म्हणजे एकवीस. तुम्ही रांगोळीचं बघा. आणि आज खंडेनवमी आहे, आज पेवात कोण उतरतंय?’

हे मात्र खरं होतं. खंडेनवमीला हत्यारं पुजली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, काम करायचं नाही, ही सगळ्यांच्या घरची रीत. उद्या नाथाजी येईल, त्याला सांगू, असं म्हणून मी रांगोळीला बसले. बसताना माझ्या अंगाची आग आग होत होती. एक माणूस शेजारून पेढ्यांचं ताट घेऊन गेला आणि म्हणाला, ‘बाई, कशाला लागताय मालकांच्या नादी.’ सगळ्यांचं तत्त्वज्ञान एवढंच.

पूजा मांडली. तराजू, वजनं, पहारी, टोपल्या, दोर, पडलेल्या बादल्या काढायचा गळ. मधोमध कंदील, काच लख्ख पुसलेली, गळ्यात झेंडूची माळ. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, तो तक्ता. नानासोंनी हत्यारांना एकेक फूल वाहिलं आणि तक्त्याला मोठा हार घातला. आरती चालू असतानाच बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. मुंबईचा व्यापारी दसऱ्याची वाट न बघता आधीच आला होता.

त्याला नाही म्हणता आलं असतं. व्यापाऱ्यानं थोडी कुरकुर केली असती, इतकंच. पण त्याच्यासमोर आपला इंडेक्स दाखवायची संधी नानासो सोडतात कशाला? ‘तुमचा माल एकवीसमध्ये. आत्ता काढून देतो, बघाच,’ जुन्या चिठ्ठीवरचा नंबर वाचून ते म्हणाले आणि त्यांनी आवारात नजर टाकली. गुंडा समोरच उभा होता. आईला बरं नव्हतं म्हणून तो आठवडाभर गावी होता, आणि त्याच सकाळी म्हसवडहून आला होता. कालचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

‘गुंडा, एकवीस. चिंधी आहे.’

‘व्हय मालक.’ गुंडानं सदरा काढला आणि सवयीनं कंदिलाकडे हात केला.

‘अरे अरे! पुजलंय ते. हत्याराला आज हात लावायचा नाही.’

गुंडा थांबला. ‘मग आत कसं बघायचं?’

‘बघायचंय काय? चिंधी बांधलीय, रात्रभर उघडं आहे. उतर.’

मी पुढे झाले. ‘नानासो, कंदील द्या त्याला. नाहीतर त्याला पाठवू नका. ते पेव चिंचेखालचं नाही.’

‘बाई, पूजेत खोडा घालू नका.’ आता ते हसत नव्हते. व्यापारी बघत होता ना.

कंदिलाला सुट्टी होती. तराजूला होती, टोपल्यांना होती. एकट्या माणसाला नव्हती, कारण माणूस हत्यारांत धरत नाहीत आणि त्याला कुणी फूलही वाहत नाही.

गुंडा माझ्याकडे बघून हसला. ‘आवं बाई, कशाला भ्या घालताय? सिद्धनाथाचा अंगारा लावून आलोय. माझं पेढं तेवढं ठेवा, ही माणसं लय हावरट हायती.’ आणि तो दोघांना घेऊन गेलासुद्धा. बाहेर पडलेल्या जुन्या दोराचं एक भेंडोळं त्यांनी उचललं.

मी कंदील उचलला. माळ तोडली, पूजेतली काड्यापेटी घेतली. नानासो ‘बाई! बाई!’ करून ओरडले, कुणीतरी ‘अशुभ’ म्हणालं. मी धावत सुटले. कंदील पेटवायला मला वाटेत थांबावं लागलं, पहिल्या दोन काड्या विझल्या. विहिरीकडे पोचले तेव्हा दोघं पेवाच्या तोंडाशी वाकून उभे होते.

‘गुंडा उतरला. हाक देतोय तर ओ देईना,’ एक म्हणाला.

मी कंदील आत सोडला. तो पुरता खाली गेलासुद्धा नाही. ज्योत बारीक झाली आणि गेली.

दुसरा माणूस गुंडाचा जिवलग, तो दोर धरून आत पाय टाकायला निघाला. मी त्याची बंडी दोन्ही हातांनी धरली आणि किंचाळले. बाकीचे धावत आले, त्यांनी त्याला मागे ओढलं. तो रडत होता, शिव्या देत होता, मला ढकलत होता. कंदील विझला म्हणजे कुणी उतरायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक असूनही मित्र खाली पडलेला असताना माणूस वर उभा राहू शकत नाही. आणि दहा हातांवर, चटईखाली, चिंचेखालचं पेव रात्रभर हवा खाऊन तयार होतं.

गुंडाला गळ टाकून बाहेर काढला. तो गळही पूजेतलाच. तो मात्र नानासोंनी स्वतःच्या हातानं आणून दिला.

पोलीस आले, पंचनामा झाला. त्यात लिहिलं, पेव नंबर एकवीस. मी सांगितलं की विहिरीकडचं असं लिहा. हवालदार म्हणाला, नंबर असल्यावर खुणा कशाला. मी पुष्कळ सांगितलं. नंबर कसा हलला, चिंधी कशी हलली, कंदील कुणी अडवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘कोंडलेल्या हवेमुळे अपघात’ असं लिहून सही घेतली. व्यापारी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चिंचेखालची हळद भरून घेऊन गेला. जाताना सोनं म्हणून आपट्याची पानं वाटून गेला. माझ्या हातात दिलेलं पान मी त्याच्यासमोर खाली टाकलं.

तेराव्यानंतर नानासोंनी सगळ्यांना आवारात जमवलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हेच तर मला जास्त ओंगळ वाटलं. खरं पाणी डोळ्यांत असताना ते म्हणाले, ‘आपली चूक झाली. इंडेक्स अर्धवट असताना आपण काम काढलं. आता पुढल्या वर्षीपासून पहाटे सुरू करायचं आणि पूजेआधी पुरं करायचं. आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा करायचं. जुना इंडेक्सच माणसाला फसवतो.’ मी आजूबाजूला बघितलं. माना हलत होत्या. गुंडाचा तो मित्रसुद्धा मान हलवत होता. मी उठून मागे गेले आणि खरोखर ओकले.

नाथाजी राहिला नाही. आला, खुंट्यांच्या सगळ्या चिंध्या सोडून खिशात घातल्या, आणि मला म्हणाला, ‘बाई, म्या जातो गावाकडं. हितं ऱ्हायलो तर ह्या मानसाच्या नरड्याला हात घालीन.’ मी राहिले. साताऱ्यात धाकट्या भावाचं शिक्षण माझ्या पगारावर होतं, आणि दुसरं म्हणजे, कंदील मी माझ्या टेबलाखाली ठेवला होता आणि तो पेटवून दाखवल्याशिवाय कुणाला उतरू देत नव्हते. नानासो त्यावर काही बोलले नाहीत. कंदिलाशी त्यांचं भांडण नव्हतंच, त्यांचं प्रेम फक्त तक्त्यावर होतं.

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. पहाटेपासून बिल्ले निघाले, खुंट्या उपटल्या, रोवल्या, सगळं पूजेआधी पुरं झालं. माणसं बरीचशी नवी होती. मी आत हार ओवत बसले होते तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. हिरव्या काठाचं जुनं लुगडं, कपाळ मोकळं, डोक्यावर फडक्यात बांधलेली पाटी. म्हसवडहून एकटी आली होती.

‘मी शालूबाई. गुंडाची मंडळी,’ ती नानासोंना म्हणाली. ‘आज वरीस झालं. मालक, त्ये कुठं गेलं ती जागा दावा. घास ठिवायचा हाय.’

मी हार टाकून उठले. पण नानासो माझ्या आधी उठले होते. त्यांनी कपाटातून पंचनाम्याची नक्कल काढली, चष्मा लावून वाचली, तक्त्यावर बोट फिरवलं. ‘एकवीस,’ ते म्हणाले. ‘चल बाई, मीच दाखवतो तुला.’ आणि मला जाता जाता हळूच म्हणाले, ‘बघा, एका मिनिटात सापडलं. एरवी कुठं शोधत बसलो असतो?’

क्षणभर मला कळलंच नाही की ते काय म्हणाले. कळलं तेव्हा मी चप्पल न घालता बाहेर पळाले. पण पूजेच्या गर्दीनं दार भरलं होतं, आणि त्यातून बाहेर पडून मी पोचले तोवर ती दोघं आवाराच्या पार कोपऱ्यात, बाभळीजवळ, पोचली होती. तिथं आता एकवीसची खुंटी होती. शालूबाईनं पाटी सोडली होती. केळीच्या पानावर बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, दह्याची वाटी आणि एक पेढा असं मांडून तिनं पाणी फिरवलं होतं. फरशीवर डोकं टेकून ती काहीतरी पुटपुटत होती. नानासो हात जोडून शेजारी उभे होते.

ती उठेपर्यंत मी थांबले. मग तिला सांगितलं. सांगावं की सांगू नये, हा विचार मी केला नाही. त्या आवारात इतकं खोटं रोवलेलं होतं की त्यात आणखी एक खुंटी ठोकायला माझा हात धजला नसता.

‘शालूबाई, हे ते पेव नाही. गुंडा विहिरीकडच्या पेवात गेला. ते तिकडं आहे.’

तिनं माझ्याकडे बघितलं, मग नानासोंकडे.

‘एकवीसच आहे हे,’ नानासो म्हणाले. त्यांनी खुंटीवर बोट ठेवलं. ‘पंचनाम्यात एकवीसच लिहिलंय. नंबर बरोबर आहे.’

शालूबाई खाली पानाकडे बघत राहिली. भाकरीला मुंगी लागली होती. ठेवलेला घास उचलता येत नाही, आणि तिच्या पाटीत दुसरी भाकरी नव्हती.

‘मग म्या जेवाय कुनाला घातलं, बाई?’ ती म्हणाली.

मी तिचा हात धरला आणि तिला विहिरीकडे घेऊन निघाले. मागे नानासो कुणाला तरी खुंटी सरळ करायला सांगत होते.